पायांचे लग्न

सोलापूरच्या माणसाला ऊन शिकवावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला तरी तो डोक्याला टॉवेल गुंडाळतो, ‘आज जरा गरम आहे’ एवढेच म्हणतो आणि कामाला लागतो. थंडीच्या बाबतीत मात्र आमचे शिक्षण अर्धवट राहिले आहे. जानेवारीच्या अखेरीस पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांवर उतरला, की आम्ही कानटोपी, मफलर, स्वेटर आणि त्यावर चादर अशा थाटात दूध आणायला निघतो. आणि या सगळ्या सरंजामाखाली पाय मात्र रबरी स्लिपरमध्ये उघडेच असतात. ज्या गावाने लोकांना पांघरायला चादर दिली आणि अंग पुसायला टॉवेल दिला, ते गाव मोज्यांच्या बाबतीत इतके उदासीन कसे राहिले, हा प्रश्न मला माघवारीला पायी निघेपर्यंत कधी पडला नव्हता.

चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या पंढरीच्या चार मोठ्या वाऱ्या. त्यांपैकी आषाढीच्या वाट्याला पाऊस आणि कॅमेरे येतात, तर माघीच्या वाट्याला थंडी येते. सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूर ७० ते ७५ किलोमीटर आहे आणि आमची दिंडी ते अंतर चार दिवसांत तोडते. माझी आत्या सत्तरीची आहे आणि ही वारी तिने किती वेळा केली, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. माझे वय एक्कावन्न असून माझा तोपर्यंतचा सर्वांत लांबचा पायी प्रवास सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंतचा होता, आणि तोही रिक्षावाल्याशी भाडे न जुळल्यामुळे घडला होता.

तयारी मात्र मी हिमालयाची केली. नव्या पेठेतील एका दुकानातून बूट आणले. ते अंगठ्याला लागतात असे मी म्हणताच दुकानदाराने, ‘चालून चालून सैल होतील’ हे चर्मव्यवसायातील सनातन वचन ऐकवले, आणि मीही ते श्रद्धेने ऐकले. चालताना बूट सैल होण्याच्या कितीतरी आधी पाय सुजून मोठा होतो, म्हणून बूट संध्याकाळी, म्हणजे पाय दिवसभराचे थकलेले असताना, अर्धा नंबर मोठा पाहून घ्यावा, हे मला नंतर कळले. त्या बुटाचा आतला तळ आपल्याकडच्या कडक भाकरीइतका कडक होता. फरक एवढाच, की भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर मऊ करून खाता येते. मेव्हण्याने मनालीहून आणलेले लोकरी मोज्यांचे तीन जोड होते. शेजारच्या काकूंनी भेगांना लावायला कोकमाचे तेल दिले. निघण्याच्या आदल्या रात्री पत्नीने तळव्यांना तूप लावून ते काशाच्या वाटीने घासले. माझे दोन्ही पाय पाटावर, तेला-तुपाने माखलेले आणि हळदीने पिवळे झालेले, असे दृश्य पाहून आत्या उंबऱ्यातच थबकली.

“काय रे बाळा, लगीन हाय का तुझ्या पायांचं?”

मी तिला थंडीचे कारण सांगितले. त्यावर ती म्हणाली, “थंडीच्या दिवसांत पांडुरंगाला शाल घालतात, रजई पांघरतात, कानाला पट्टी बांधतात. पायात काय घालतात का?” या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण तिने सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता.

पहिल्या दिवशी पहाटे चारला काकडा झाला आणि आम्ही निघालो. मी लोकरी मोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवून नाड्या आवळल्या होत्या, तरीही तासाभरात माझी बोटे आहेत की घरी राहिली, हे समजेनासे झाले. थंडी पडली की शरीर आधी पोटाची आणि काळजाची काळजी घेते आणि हातापायांच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून तिथला पुरवठा कमी करते. म्हणजे काटकसरीत पहिली कात्री लांबच्या नातेवाइकांच्या आहेराला लागते, तसाच हा प्रकार आहे. त्यात मी मोजे कोंबून आणि नाडी आवळून उरलासुरला पुरवठाही बंद केला होता. जाड मोजे घातल्याने पाय गरम राहतो, हे खरे; पण बोटे आत हलण्याइतकी जागा राहिली तरच ते खरे असते.

दहा वाजता सगळे उलटे झाले. सोलापूर जिल्ह्यात माघात एका दिवसात दोन ऋतू येतात. पहाटे काश्मीर असते आणि दुपारी पुन्हा सोलापूर होते. माणसाच्या दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी असतात असे म्हणतात, आणि त्या दिवशी माझ्या एकाही ग्रंथीने रजा घेतली नाही. पायांना ऊब हवी तर झाकावे लागते, झाकले तर घाम येतो, घाम आला तर पुढच्या गार वाऱ्यात तेच ओले पाय अधिक गार पडतात, आणि ओली कातडी फोडाला आमंत्रण देते. या चक्रात मी चार दिवस फिरलो. त्या मानाने पंढरपूरचा रस्ता सरळ होता.

दुसऱ्या दिवशी लांबोटीजवळ सीना नदीवरून पहाटेचा वारा असा आला, की दिंडीतील एका अनुभवी गृहस्थांनी मला बाजूला घेऊन गुप्त उपाय सांगितला. पायावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर मोजा आणि त्यावर बूट! पहिला तास स्वर्गसुखाचा गेला. वारा आत येत नव्हता. मात्र आतलेही काही बाहेर जात नव्हते, याचा विचार आम्हां दोघांनाही सुचला नव्हता. मोहोळच्या अलीकडे मी पिशव्या काढल्या तेव्हा माझी पावले नुकत्याच वाफवून काढलेल्या अळूवडीच्या उंड्यांसारखी दिसत होती. त्यानंतर चार किलोमीटरांच्या आत उजव्या टाचेवर रुपयाएवढा आणि डाव्या करंगळीवर वाटाण्याएवढा फोड उभा राहिला.

आपण ‘चप्पल चावली’ म्हणतो आणि सगळा दोष मुक्या चपलेवर टाकतो. प्रत्यक्षात ओलसर कातडी मोज्याला चिकटून बसते, आतले हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकत राहते, आणि या ओढाताणीत मधले थर एकमेकांपासून सुटतात; त्या फटीत पाणी भरते. पूर्ण कोरडी कातडी घसरते, पूर्ण भिजलेलीही घसरते, ओलसर मात्र धरून ठेवते. संसारातील वादांचेही तसेच असावे, पण तो विषय वेगळा आहे.

फोडाची वार्ता पसरताच मुक्कामावर वैद्यांची रीघ लागली. एकाने सुई-दोरा काढला. फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवला की पाणी झिरपून जाते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच सुईने त्याने आदल्या रात्री धोतर शिवले होते. दुसऱ्याने बिबा गरम करून टाचेला लावण्याचा आग्रह धरला. तेव्हा आत्याच मध्ये पडली आणि म्हणाली, “बिबा उतला म्हंजे? एकाचे दहा फोड व्हतील की!” आत्याचे पायांविषयीचे मत काहीही असो, तिला बिबा ठाऊक होता आणि तिने माझी टाच वाचवली.

शेवटी दिंडीतील नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीने माझा ताबा घेतला. करंगळीचा फोड तिने जसाच्या तसा झाकून ठेवला. टाचेचा फोड चालूच देईना, म्हणून तो जंतुनाशकाने पुसून, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून रिकामा केला, पण वरची कातडी काढू दिली नाही. आपली स्वतःची कातडी हीच त्यावरची सर्वांत चांगली पट्टी, असे ती म्हणाली. मग तिने माझी झडती घेतली. आत पातळ मोजा आणि वर एकच लोकरी मोजा घालायचा, नाडी घोट्यापाशी घट्ट आणि चवड्यावर सैल बांधायची, दर विसाव्याला मोजे बदलायचे, बोटांच्या बेचक्या टॉवेलने पुसायच्या, आणि कातडी चुरचुरू लागली की फोडाची वाट न पाहता तिथे चिकटपट्टी लावायची, असा तिचा हुकूम सुटला. “काका, चुरचुरतंय तेव्हाच थांबायचं. पुढचा मुक्काम येईपर्यंत कळ काढली की झालंच!” दिंडीतल्या मधुमेही मंडळींना मात्र तिने रांगेत बसवून रोज तळवे दाखवायला लावले, कारण त्यांना कधी कधी फोडाचे दुखणेच जाणवत नाही आणि जखम चिघळल्यावर कळते. त्यांना सुईपासूनही तिने दूर ठेवले. फोड आला की थेट डॉक्टर.

मोजे बदलायचे म्हणजे वाळवायचेही आले. पताकेच्या काठीला ते अडकवणे शक्य नव्हते; तसा विचार मनात आल्याचे चोपदारांनी माझ्या नजरेवरून ओळखले असावे. शेवटी मी दोन्ही जोड सेफ्टीपिनांनी पाठीवरच्या पिशवीला टाचले. पेनूरपर्यंत मी हिरव्या ज्वारीच्या रानांमधून टाळ वाजवत चाललो होतो आणि माझ्या पाठीवर चार मोजे ठेक्यात डोलत होते. मागच्या ओळीतील एका माउलीने विनंती करून आपली जागा बदलून घेतली. कारण मी विचारले नाही.

खरी परीक्षा मात्र संध्याकाळी असे. वारकऱ्यांत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. एरवी ही रीत मला फार आवडते, पण टाचेला पट्टी आणि करंगळीला कापूस असताना, ‘माउली’ म्हणत समोरून वाकणाऱ्या शंभर माणसांच्या दोनशे हातांकडे पाहून माझ्या अंगावर काटा येई. मी मग चपळाईने त्यांच्या आधी वाकू लागलो. दिंडीत माझ्या नम्रतेचा बोलबाला झाला. आत्याला तेवढे खरे कारण माहीत होते.

पंढरपुरात पोहोचलो आणि चंद्रभागेच्या गार पाण्यात उतरताच सगळे दुखणे बधिर होऊन गेले. मग दर्शनबारीत उभे राहिलो. बारीत बूटही नाही, मोजेही नाहीत. चार दिवस ज्या पायांची बडदास्त ठेवली ते पाय रात्रभर गार फरशीवर अनवाणी उभे होते, आणि आत्या पुढे उभी राहून मागे वळून पाहत गालातल्या गालात हसत होती. पहाटे गाभाऱ्यात पोहोचलो. विठोबाच्या पायांवर डोके टेकवले तेव्हा ते पाय कपाळाला गार लागले, आणि त्या एका क्षणात, ज्या क्षणासाठी लोक जन्मभर चालतात, माझ्या मनात आले, की पिशवीत लोकरी मोज्यांचा एक जोड अजून कोरा आहे.