कारळे उगवले नाहीत, म्हणून शिळे?

नमस्कार काका,

एक स्टार दिलात, त्यावरून भांडत नाही. पण 'जुना, मेलेला माल खपवतात' हे वाक्य तसंच राहिलं तर पुढचं गिऱ्हाईकही तेच धरून बसेल, म्हणून फोन न करता इथेच उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: ऑगस्टमध्ये आमच्याकडून २० पौंडांची कारळ्यांची पिशवी नेलीत, त्यातले चिमूटभर कुंडीत पेरलेत, एकही उगवला नाही. डिसेंबरपासून बॅकयार्डात फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायची नळी, टांगलाय, पण पिवळे गोल्डफिंच पक्षी फिरकत नाहीत, नुसत्या 'मळकट चिमण्या' येतात, आणि त्याही बी खायचं सोडून खाली फेकतात.

आधी कुंडीचं बघू. ते कारळे उगवणारच नव्हते. कितीही ताजे असते तरी नाही. भारतातून, इथिओपियातून किंवा म्यानमारमधून अमेरिकेत येणारे कारळे सुमारे १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं तापवावेच लागतात, इथल्या कृषी खात्याचा तसा नियमच आहे. कारण त्या मालात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं. आपल्याकडे झाडांवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसतं ना, तीच ती. ती इथल्या शेतात शिरू नये म्हणून ही खबरदारी. गावाला मूठभर कारळे फेकले तरी उगवतात हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण त्या कारळ्यांना भट्टी लागलेली नसते.

ताजेपणा पाहायचा तर तेल पाहा. कारळ्यात ३० ते ४० टक्के तेल असतं आणि पक्षी त्यासाठीच येतात. पांढऱ्या कागदावर दहा-बारा दाणे घ्या, चमच्याच्या पाठीने दाबून चिरडा. कागदावर तेलकट डाग उमटला तर माल चांगला. नुसता भुगा झाला किंवा खवट वास आला तर फेकून द्या. पिशवी ऑगस्टपासून गराजमध्ये ठेवली होती असं तुम्हीच लिहिलंय. न्यू जर्सीच्या ऑगस्टमध्ये बंद गराज म्हणजे दुसरी भट्टीच. तेव्हा आता डाग उमटला नाही तर मला नवल वाटणार नाही. पाच पौंडांची न्या, महिन्या-दीड महिन्यात संपवा, पुन्हा या, हे मी प्रत्येकाला सांगतो. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच आहे म्हणा, पण २० पौंड स्वस्त पडतात म्हणून लोक तेच उचलतात.

आता त्या 'चिमण्या'. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो मोठा करून पाहिला. आखूड, टोकदार चोच, काळे पंख, त्यांवर दोन फिकट पट्टे, छातीवर एकही रेघ नाही. काका, हे गोल्डफिंचच आहेत! नराचा पिवळाजर्द रंग उन्हाळ्यातला. शरद ऋतूत पिसं गळतात आणि थंडीभर तो मादीसारखाच मातकट दिसतो. एप्रिलच्या सुमारास अंगावर पिवळे ठिपके फुटायला लागतील, तेव्हा स्वतःच बघा. १९३५पासून हा आपल्या राज्याचा पक्षी आहे, आणि वर्षातले निम्मे महिने त्याला कुणी ओळखत नाही. छातीवर तपकिरी रेघा असलेला जो आहे तो हाउस फिंच, तुमच्या फोटोत तो एकच दिसतो.

फेकण्याबद्दल: खाली पडलेलं थोडं चिमटीत घेऊन पाहा. काळी, पातळ, आतून पोकळ अशी फोलपटं असतील. फिंच प्रत्येक दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतलं खातो आणि साल टाकतो. म्हणजे तो बी खातोय.

खटकलं ते तुमच्या फीडरच्या तळाशी. नळीतला खालचा दोनेक इंचांचा थर राखाडी होऊन चिकटलेला दिसतोय. नळी गटरच्या कोपऱ्याखाली आहे, ठिबकणारं पाणी थेट आत जातं, आणि वरून तुम्ही नवीन बी ओतत राहता. खालच्या भोकांवर एकही पक्षी नाही तो यामुळेच. पूर्ण रिकामं करा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा, मगच भरा. हे दर दोन आठवड्यांनी करायलाच हवं. हाउस फिंचना डोळ्यांचा एक संसर्गजन्य रोग होतो आणि तो घाणेरड्या फीडरवरून पसरतो.

चटणीसाठी घरी भाजलेले कारळे उरले तर ते मात्र नळीत घालू नका, विशेषतः मीठ-तिखट लागलेले.

पैसे परत मागितलेत. अर्धी संपलेली, पाच महिने गराजमध्ये राहिलेली पिशवी मी परत घेऊ शकत नाही. पण त्यातले मूठभर घेऊन दुकानात या, काउंटरवर तुमच्यासमोरच कागदावर चिरडू. डाग उमटला नाही तर या आठवड्यात भरलेली पाच पौंडांची पिशवी माझ्याकडून. फीडरही आणा, मागच्या सिंकमध्ये धुऊन देतो.


— दुकानमालक