हेंड्रिक्स तसं बोलला नव्हता, आणि ती बाटलीही दारूची नव्हती

शनिवारी दुपारी लेथवर जॉब फिरत असताना ताईचा फोन आला. "काय रे, माझ्या पोराला तू दारुड्याची गाणी ऐकवतोस व्हय?" मला आधी काही कळेचना. मशीन बंद करून बाहेर आलो, तोवर तिने व्हॉट्सअॅपवरचा तो मजकूर पाठवला होता. आमच्या घरच्या ग्रुपवर तो टाकला होता माझ्याच भाच्याने. खाली लिहिलं होतं, "मामा, विषयच हार्ड!"

मजकूर थोडक्यात असा. आयर्लंडचा रोरी गॅलहर (त्यात 'रॉय गॅलेघर' छापलंय, तिथूनच सुरुवात) हा जगातला सगळ्यात दुर्लक्षित गिटारवादक. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला कुणी विचारलं, जगात श्रेष्ठ गिटारवादक असल्यावर कसं वाटतं? तो म्हणाला, मला काय माहीत, रोरीला विचारा. रोरीने कधी रियाज केला नाही, सगळी देवाची देणगी. त्याच्या घामात तेजाब होतं, त्याने गिटारचा रंग उडाला. बाटलीशिवाय तो वाजवूच शकत नसे, दारूनेच त्याला तो सूर दिला. रोलिंग स्टोन्स बँडने त्याला हाकललं. रेकॉर्ड कंपनीने त्याची सुटी गाणी (सिंगल्स) काढलीच नाहीत. मेल्यावर गिटार त्याच्यासोबत पेटीत पुरली. खरे चाहते असाल तर दहा जणांना पाठवा.

खरा चाहता मीच आहे हो. कॉलेजात असताना मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर रोरी उतरवून दिला होता. ती कॅसेट इतकी वाजली की शेवटी फीत टेपरेकॉर्डरने गिळली. या माणसाचं नाव कोल्हापुरात चार लोकांना कळलं तर मला आनंदच आहे. पण असं?

आधी बाटली, कारण घरात आग तिने लावलीय. भाचा वीस वर्षांचा. तीन मित्रांना घेऊन त्याने बँड काढलाय, गणपतीत एका तालीम मंडळापुढे वाजवायचं ठरलंय. त्याला फोन केला तर हसत म्हणतो, "मामा, स्टेजवर हात थरथरतोय. आधी एक क्वार्टर मारली तर मोकळा होईल की. रोरीपण घ्यायचाच." चेष्टेत म्हणाला, हे मला कळतं. पण चेष्टेतल्या गोष्टी खऱ्या व्हायला एक शनिवार पुरतो.

माझा अंदाज सांगतो. ज्याने कुणी हे मराठीत लिहिलं, त्याने कुठेतरी वाचलं असणार की रोरी 'बॉटलनेक' सुंदर वाजवायचा. आणि त्याला दिसली बाटली! अरे बाबा, बॉटलनेक म्हणजे बोटात घालायची नळी. जुने ब्लूजवाले बाटलीचा गळा कापून, कडा घासून बोटात अडकवायचे, तारेवर नुसता टेकवून घसरवायचे. तार पट्टीवर दाबायची नाही. त्यामुळे सूर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारत नाही, मधली सगळी जागा पुसत जातो. आपल्या कानाला ही मींडच. विचित्र वीणा ज्यांनी ऐकलीय त्यांना लगेच ओळख पटेल, तिथेही तारेवर काचेचा बट्टाच फिरतो. अमेरिकेतल्या ड्वेन ऑलमनने तर सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून नाव कमावलं. म्हणजे बाटली होती हे खरं, फक्त ती रिकामी होती आणि बोटात होती.

आता कबूल करायचं ते करतो, नाइलाजाने. रोरी पुढे पुढे प्यायचा. त्याला विमानाची भयंकर भीती होती आणि वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर. डॉक्टरांनी दिलेल्या शामक गोळ्या आणि त्यावर दारू, या जोडीने यकृत गेलं. १० जानेवारी १९९५ ला नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये तो शेवटचा वाजला, तेव्हाच तो धड नव्हता. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात यकृत बदललं, नंतर जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ ला गेला. वय ४७. लग्न नाही, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ डोनल आयुष्यभर त्याचा मॅनेजर होता, मागे उरलेलं सगळं त्यानेच सांभाळलं.

या सगळ्यात 'दारूने दिलेला सूर' कुठे आहे ते दाखवा. हिशेब साधा आहे. १९७१ ते १९७६ या सहा वर्षांत त्याच्या नावावर आठ अल्बम आले, त्यातले दोन मैफलीत ध्वनिमुद्रित केलेले. मी आज ऐकतो ते बहुतेक याच आठांतलं. १९८२ नंतर पुढचा स्टुडिओ अल्बम यायला १९८७ उजाडलं. मग १९९० ला एक, आणि संपलं. तब्येत ढासळत गेली तसं काम विरळ होत गेलं. दारू सूर देत असती तर गणित उलटं दिसलं असतं की नाही?

हेंड्रिक्सचा किस्सा भाच्याला सगळ्यात आवडलेला, म्हणून त्याचाही हिशेब. हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला १८ सप्टेंबर १९७० ला. रोरीचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला १९७१ मध्ये. ज्या एकट्याच्या कामावर आपण जीव टाकतो, त्यातला एक सूरही हेंड्रिक्सच्या कानावर गेलेला नाही. तोवर रोरी 'टेस्ट' नावाच्या तिघांच्या बँडमध्ये होता. अर्धा गुण देतो: ऑगस्ट १९७० च्या, इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवात दोघेही वाजले, रोरी २८ तारखेला आणि हेंड्रिक्स शेवटी, ३१ च्या पहाटे. म्हणजे गाव एक, मांडव एक. पण त्यावरून प्रशस्तिपत्र निघत नाही. शिवाय हेच वाक्य फिल कीगी या दुसऱ्या गिटारवादकाच्या नावावर फिरतं, शिकागो बँडच्या टेरी कॅथच्या नावावर फिरतं, आणि माणसं बदलून एरिक क्लॅप्टनने प्रिन्सबद्दल म्हटलं म्हणूनही फिरतं. कीगीने तर स्वतःच सांगितलंय की हे शक्य नाही. एकच फेटा किती डोक्यांवर बांधणार?

आणि मला कळत नाही, मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायची गरजच काय, जिवंत साक्षीदार असताना? क्वीन या ब्रिटिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने हे अनेकदा सांगितलंय. तरुणपणी तो आणि त्याचा एक मित्र लंडनच्या मार्की क्लबात कार्यक्रम संपल्यावर लपून बसले. गर्दी गेल्यावर रोरीपुढे जाऊन विचारलं, हा आवाज काढता कसा? रोरी सामान आवरत होता. त्याने सरळ दाखवलं: हा व्हॉक्सचा एसी थर्टी अॅम्प, आणि ही रेंजमास्टर नावाची छोटी डबी, ती वरच्या पट्टीला धार देते. मेने तसाच अॅम्प आणि तशीच डबी मिळवली, आणि क्वीनमधला त्याचा तो ओळखीचा आवाज त्या जोडीतून उभा राहिला. म्हणजे ज्याने रोरीचं नावही ऐकलेलं नाही, त्याने रोरीचा आवाज क्वीनच्या गाण्यांतून कानात साठवलाय. याच्यापुढे हेंड्रिक्सचं ते वाक्य म्हणजे पांढऱ्या रश्श्यात साखर.

'रियाज केला नाही' हे वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. गुरू नव्हता हे खरं, पुस्तकं आणि रेडिओ यांवरच त्याने सुरुवात केली. पण पंधराव्या वर्षी हा पोरगा शोबँडमध्ये लागला. शोबँड म्हणजे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राचा आयरिश भाऊ: गावोगावच्या नाचाच्या हॉलमध्ये तासन्‌तास लोकांना हवं ते वाजवायचं, आवडो न आवडो. पुढे स्लाइड (तेच ते बॉटलनेक), मॅन्डोलिन, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन हे सगळं त्याने स्वतः बसून शिकून घेतलं. आणि हे आपण कोल्हापुरात बसून पुढे ढकलतोय! अल्लादिया खाँसाहेबांचं गाव हे. त्यांचा आवाज अतिगाण्याने बसला, तेव्हा त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्याने घडवली. देवल क्लबात दोन मैफली ऐकलेला माणूस 'रियाज नाही, नुसती देणगी' असं लिहिणार नाही. लिहिलंच तर घरी मार खाईल.

घामाबद्दल मात्र मला थोडी माघार घ्यावी लागते. रोरीला घाम फार यायचा आणि त्याच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग बराचसा उडालेला होता, फोटोत दिसतंच. तेजाब वगैरे म्हणायची गरज नाही. आमच्या उद्यमनगरात हे कुणालाही विचारा: काही कारागिरांचा हात फिनिश केलेल्या जॉबला लागला की दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून वर येतात. शेजारच्याचा हात लागला तर काही होत नाही. घाम घामात फरक असतो, मिठाचा खेळ आहे. त्या काळच्या गिटारवर नायट्रोसेल्युलोजचं पातळ लॅकर असायचं, त्यावर रोज रात्री दोन-दोन तास असा घाम आणि घासणारी बाही. भरीला एकदा ती गिटार डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात भिजलेली, खंदकात पडलेली सापडली. रंग राहील कशाला? मुळात ती कोरी नव्हतीच. दुसऱ्या एका शोबँडच्या माणसाने लाल मागवली होती, ही तपकिरी-पिवळी आली, म्हणून त्याने काढून टाकली. पंधरा वर्षांच्या रोरीने १९६३ मध्ये कॉर्कच्या क्रॉली यांच्या दुकानातून ती शंभर पौंडांना हप्त्यावर उचलली. ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

पुरली? १७ ऑक्टोबर २०२४ ला लंडनमध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ती विकली गेली, कमिशन धरून ८,८९,४०० पौंडांना. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. पेटीतून उकरून विकली असं म्हणायचंय का?

स्टोन्सचं दोन ओळींत. त्यांचा गिटारवादक मिक टेलर सोडून गेल्यावर त्यांनी रोरीला बोलावलं, जानेवारी १९७५ मध्ये रॉटरडॅमला तो काही दिवस त्यांच्यासोबत वाजला, मग जपानचा ठरलेला दौरा होता म्हणून निघून गेला. हाकलण्याचा प्रश्नच येत नाही. (त्याच गावात बरोबर वीस वर्षांनी तो शेवटचा वाजणार होता. हे मजकूरवाल्याला माहीत असतं तर त्याने यातून काय बनवलं असतं, कल्पना करवत नाही.)

सुटी गाणी कंपनीने अडवली नाहीत, तोच काढू देत नसे. रेडिओसाठी गाणं कापायचं म्हणजे त्याला नको व्हायचं. १९७७ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत पूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला, ऐकला, आवडला नाही, कपाटात टाकला. वर्षभरात जर्मनीत वेगळ्या बँडसोबत पुन्हा सगळं उभं केलं. ते कपाटातलं बाहेर आलं २०११ मध्ये, तो गेल्यावर सोळा वर्षांनी. बाजारात माल न जाण्याचं हे एक कारण त्याच्या घरातच होतं, आणि चाहता म्हणून मला त्याचा कधी कधी रागही येतो.

राहता राहिलं 'दुर्लक्षित'. हे अर्धं खरं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला पहिला क्रमांक दिला होता. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला त्याच्या कबरीवरचा दगडसुद्धा गिटारवादक म्हणून मिळालेल्या पारितोषिकाच्या आकाराचा आहे. पण आपल्याकडे नावं घ्यायला बसलं की पाच-सहा ठरलेली येतात आणि गाडी थांबते. म्हणून भाच्याला मी मजकुराच्या उत्तरात काही लिहिलं नाही, टोनी पामरने केलेली 'आयरिश टूर'ची फिल्म पाठवली. १९७४ उजाडतानाचा दौरा. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते, हा गडी चौकड्याचा शर्ट घालून तिथे वाजवायला गेला. पायाने दाबून आवाज बदलायचं पेडल-बिडल जवळजवळ नाहीच. डावा हात तारेवर आणि उजव्याची करंगळी गिटारच्या टोनच्या बटणावर, ते बटण फिरवून तो सूर उघडतो आणि मिटतो, बोलणाऱ्या तोंडासारखा. भाच्याने ते दृश्य तीन वेळा पाहिलं. मग रात्री अकराला मेसेज: "मामा, हे पेडलशिवाय हाय व्हय?"

ताईला मी बॉटलनेक समजावून सांगितलं. तिला पटलं की नाही कुणास ठाऊक. म्हणाली, "मग ते दारूचं खोटं हाय असं त्या ग्रुपवर तूच लिही." लिहिलं नाही, पूर्ण खोटं नाही म्हणून. तिला तेही सांगितलं. रागावली.

रविवारी भाचा वर्कशॉपवर आला. करंगळीचं माप घेतलं. पितळी पाइपचा तुकडा कापून फेस मारला, आतून बोअर केला, दोन्ही कडा मोडून पॉलिश पेपरने घासून दिला. तिथेच गिटारवर लावून पाहिला तर पहिल्या घासण्याला मांजर शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडली. शेजारच्या गाळ्यातले दोघे बघायला आले. बोअर अर्धा मिलिमीटर जास्त झालाय, बोटात सैल होतो. मंगळवारी दुसरा करायचाय.