अली, एझर्ड चार्ल्स आणि माझे ग्लव्ह्ज

‘सगळ्यांत कठीण प्रतिस्पर्धी अलीच्या नव्हे, एझर्ड चार्ल्सच्या वाट्याला आले’ या बॉक्सिंगवरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. (मुहम्मद अली आणि एझर्ड चार्ल्स हे दोघेही हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यांत वरच्या वजनगटाचे, जगज्जेते.) ती अशी: “काका, रेकॉर्ड बघून कुणीही लेख पाडतो. कधी हातात ग्लव्ह्ज घातलेत का? अलीसमोर लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन होते. चार्ल्सला मार्सियानोने दोनदा हरवलं, ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि हॅरी ग्रेब कुठाय?”

मुळात ‘काका’ कशाला? ओळख ना पाळख. मतभेद मांडायला माझी ना नाही, पण ‘लेख पाडतो’ ही कुठली भाषा?

ग्लव्ह्जचं म्हणाल तर, हो, घातलेत. परळला राहत असताना कॉलेज सुटलं की व्यायामशाळेत जायचो. ग्लव्ह्ज सामायिक, आतून कायम ओले, आणि त्यांचा वास घरी जेवायला बसलं तरी हाताला यायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत डावी भुवई फुटली, टाक्यांची खूण अजून आहे. आई महिनाभर बोलली नाही. नाक्यावरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये मारामारीचे पिक्चर बघून मी बॉक्सिंग शिकलेलो नाही, एवढं कळलं तरी पुरे. आणि रिंगमध्ये उतरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ज्याचं नाव निघताच बाकीचे ‘आज जरा खांदा दुखतोय’ म्हणतात, तोच खरा अवघड गडी.

चार्ल्सच्या काळातला बॉक्सर चार्ली बर्ली तसा होता. त्याला जागतिक विजेतेपदाची लढत कधी मिळालीच नाही. १९४४ मध्ये त्याने आर्ची मूरला हरवलं होतं. त्या बर्लीला चार्ल्सने १९४२ मध्ये दोनदा हरवलं, तेही वयाच्या विसाव्या वर्षी. मूरला तर तीनदा, १९४६, ४७ आणि ४८ मध्ये; तिसऱ्यांदा नॉकआउट. तोच मूर १९५२ मध्ये लाइट हेवीवेटचा विजेता झाला. चार्ल्सला मात्र त्या वजनगटात विजेतेपदासाठी एकदाही लढू दिलं नाही. म्हणून तो वर हेवीवेटमध्ये गेला आणि १९५० मध्ये तीसेक पौंडांनी जड असलेल्या माजी विजेत्या जो लुईला पंधरा राउंडांत गुणांवर हरवून आला. उतरणीला लागलेला लुई होता, ठीक आहे. तरी लुईच तो.

अलीचे प्रतिस्पर्धी मोठे नव्हते असं मी कुठे लिहिलंय? किन्शासातली १९७४ ची अली-फोरमन लढत मी पुन्हा पुन्हा बघतो. पण विजेता झाल्यावर माणसाला मधूनमधून सोपा गडी निवडता येतो. १९७६ मध्ये अलीने कूपमन आणि डनशीही लढती केल्या. त्यांची नावं तुमच्या यादीत नाहीत. सोयीस्करपणे गाळलीत का? बर्ली, मूर, चार्ल्स यांना निवड नव्हती. विजेते त्यांना टाळायचे, म्हणून हे कृष्णवर्णीय खेळाडू पुन्हा पुन्हा एकमेकांशीच भिडायचे. हे रेकॉर्ड बघूनच कळतं, महाशय. पोस्टर बघून नाही.

मथळ्यातलं ‘अलीच्या नव्हे’ जरा भडक होतं, एवढं मान्य.

तेव्हाचा हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानोचं काय? चार्ल्स त्याच्याकडून १९५४ मध्ये दोनदा हरला, खरं आहे. जूनमध्ये पूर्ण पंधरा राउंड उभा राहिला. मार्सियानोसमोर दुसऱ्या कुणालाही ते जमलं नाही. सप्टेंबरमध्ये हरण्याआधी चार्ल्सने मार्सियानोचं नाक फाडलं. मार्सियानो हाही चार्ल्सचा प्रतिस्पर्धीच ना? म्हणजे मुद्दा माझाच झाला. पुढे.

ग्रेब या जुन्या बॉक्सरवर वेगळा लेख येतोय. पुढे हेवीवेट विजेता झालेल्या जीन टनीला व्यावसायिक कारकिर्दीत एकदाच पराभव बघावा लागला, १९२२ मध्ये, तो ग्रेबच्याच हातून. ग्रेबच्या एकाही लढतीचं चित्रण उपलब्ध नाही, तेव्हा तिथे “बघितलंय का कधी?” असं विचारायला येऊ नका.