‘मोठ्यांच्या परीकथा’ म्हणणाऱ्यांना

‘ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे मोठ्यांच्या परीकथा’ अशी सुरुवात असलेला एक मजकूर सध्या बराच फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी मुद्दाम डिवचायला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: या कादंबऱ्या खोटा इतिहास पसरवतात. वाचकाला त्यात तलवारी आणि विजयाची नशा तेवढी हवी असते. दरबारी कारस्थानं म्हणजे पगडी घातलेल्या कौटुंबिक मालिका. अस्सल कागदपत्रं छापून तयार असताना कल्पित वाचायचं कारणच नाही. आणि शेवट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत रमणं हे आळशी वाचकाचं लक्षण.

मजकूर चटकदार आहे, हे मान्य. पण एकेक मुद्दा हातात घेऊन बघू.

विजयाच्या नशेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सरळ सरळ चुकीचा आहे. मराठी वाचकानं ज्या विषयांवर पिढ्यान् पिढ्या जीव टाकला, ते आठवा. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं गेले, वय सत्तावीस. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या एका दिवसात घरोघरची माणसं संपली. संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले आणि मार्च १६८९ मध्ये हालहाल करून मारले गेले. बाजीराव रावेरखेडीला नर्मदेकाठी चाळिशी गाठण्याआधीच तापानं गेला. यात नशा चढावी असं काय आहे? राक्षसभुवनला १७६३ साली माधवरावांनी निजामाला धूळ चारली, पण त्यांच्याविषयी वाचताना माझं बोट अडकतं ते आदल्या वर्षीच्या आळेगावपाशी. काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन उभे, लढाई अंगाशी आलेली, आणि सतरा वर्षांचा पेशवा आपण होऊन काकांच्या स्वाधीन होतो. राज्य दुभंगण्यापेक्षा आपण वाकलेलं बरं, हा हिशेब त्या वयात त्यानं कसा केला असेल? वाचक येतो तो हे बघायला. तलवार त्यात कुठेतरी भिंतीला टेकलेली असते.

आता खोटेपणाचा आरोप. यात तथ्य आहे, आणि ते आधी कबूल करायला हवं. कादंबरीकारानं पात्राच्या तोंडी घातलेलं वाक्य कुणीतरी फोटोवर छापतो, खाली राजांचं नाव टाकतो, आणि ते वाक्य ‘अस्सल वचन’ म्हणून भाषणांत घुसतं. हा वैताग मलाही आहे. शिवाय अलीकडे अशाही कादंबऱ्या निघतात ज्यांत दर पानाला गर्जना असते आणि नायकाला कधी साधी सर्दीसुद्धा होत नाही. त्यांची वकिली मी करणार नाही.

पण ‘कादंबरी खोटी, जुना कागद खरा’ अशी वाटणी टिकत नाही. संभाजीराजांचंच बघा. ते व्यसनी, उतावळे, बेजबाबदार होते ही प्रतिमा मराठी मनात कितीतरी दशकं घट्ट होती. ती मुख्यतः आली बखरींतून, आणि त्यातही मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा वाटा मोठा. हे मल्हार रामराव शिवाजीराजांच्या दरबारातल्या बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. आणि बाळाजी आवजींना १६८१ साली संभाजीराजांनीच देहदंड दिलेला. बखर लिहिली गेली त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. आजोबा-पणजोबांचं दुखणं दौतीत उतरलं नसेल असं कोण म्हणेल? वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्यातली अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली राजांचं चरित्र छापलं, तेव्हा ही प्रतिमा खऱ्या अर्थानं हलली. पण हलली ती अभ्यासकांच्या खोलीत. घराघरांत ती पालटली कादंबऱ्यांमुळे. बखरीनं बिघडवलेलं संशोधकानं सुधारलं आणि कादंबरीनं पोचवलं. आरोपपत्रात हा क्रम नेमका उलटा लिहिलाय.

‘पगडीतल्या मालिका’ हा टोमणा मात्र मला मनापासून झोंबला, कारण त्यामागे एक समज आहे: लढाई म्हणजे इतिहास आणि वाड्यातली भांडणं म्हणजे बायकी गप्पा. अठराव्या शतकात घर आणि सरकार यांच्यामध्ये भिंतच नव्हती. गादीवर कोण बसणार याचा लेखी कायदा नाही. मग चुलता-पुतण्या, थोरली-धाकटी, औरस-दत्तक ही नाती हीच राज्यघटना. देवघरात कोण कुणाशी बोललं नाही, यावर फौजा हलायच्या.

१७७३ चं प्रकरणच घ्या. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, घुसले. माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव तेव्हा पेशवे, वय अवघं अठरा. त्यांना वाचवायला अंगावर पडलेला सेवक चापाजी टिळेकर त्यांच्याबरोबरच कापला गेला. राघोबादादा गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष थेट त्यांच्यावर ठेवला. इकडे नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर, म्हणून बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि सगळा कारभार एका न जन्मलेल्या मुलाच्या नावानं चालू झाला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. मुलगी झाली असती तर? त्या कारभाऱ्यांतल्या नाना फडणीस आणि सखारामबापूंनी ते महिने कसे काढले असतील याची कल्पना करा. हरलेले दादा इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला, साष्टी आणि वसई देऊ केली, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत शमलं नाही. घरातल्या भांडणानं इंग्रजाला उंबरठा ओलांडू दिला. ही मालिका असेल तर असू दे, पण तिचे हप्ते आपण दीडशे वर्षं फेडले.

कागदपत्रं तयार आहेत हे खरंच. पेशवे दफ्तरातले निवडक कागदच इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत छापले गेले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून छापायला घेतलेली साधनं वेगळी. त्यापलीकडे न छापलेल्या मोडी लिपीतल्या कागदांच्या रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचे, ढीग आहेत. मी एकदा हौसेनं मोडीच्या वर्गाला बसलो. लिहिणारा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतो, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, लेखणी न उचलता. दोन शब्दांच्या मध्ये जागा नाही. पहिल्या संध्याकाळी माझ्या दोन ओळी लागल्या, आणि त्या निघाल्या कुणाच्यातरी बैलांच्या वैरणीच्या. मजा आली, पण पूर्ण वेळची नोकरी करणाऱ्याला ‘कादंबरी टाक आणि दफ्तर वाच’ असं सांगणं म्हणजे तहानलेल्याला विहीर खणायला सांगणं. बरं, त्या वर्गात बसलेले बहुतेक जण तिथपर्यंत कसे आले, तर शाळकरी वयात वाचलेल्या एखाद्या कादंबरीचा हात धरूनच.

आणि समजा दफ्तर वाचलंच. तरी एक जागा अशी येते जिथे कागद गप्प होतो. पानिपतावर मराठी फौजेचं नेतृत्व करणाऱ्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर बरोबर होत्या आणि त्यातून वाचून परत आल्या. भाऊ पडले हे त्यांनी कधीच मानलं नाही. पुढे मरेपर्यंत त्या सधवा म्हणून राहिल्या, कपाळावर कुंकू लावून. मग भाऊंचा तोतया उपटला. त्याच्या नावावर कोकणातले किल्ले खुले झाले, लोक त्याला भाऊसाहेब मानू लागले, शेवटी १७७६ साली त्याला देहदंड झाला. या सगळ्याची नोंद आहे: चौकशी, साक्षी, पुरावे, शिक्षा. नोंद नाही ती एवढ्याच गोष्टीची, की ‘भाऊ आले’ ही बातमी वाड्यात पोचली त्या दिवशी कुंकवाचा करंडा उघडताना त्या बाईचा हात थरथरला का. आणि त्याला मारल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी? इतिहासकारानं इथे थांबायलाच हवं, त्याचं इमान तेच. कादंबरीकाराचं काम इथे सुरू होतं. जमलं तर आपण त्या करंड्याशी जाऊन बसतो, फसलं तर पुस्तक मिटतो. पण प्रयत्नच करू नये, हे कुठलं शास्त्र?

राहिला शेवट माहीत असण्याचा. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासानं रचला तेव्हा ऐकणाऱ्यांना खान मेलाय हे ठाऊकच होतं. कीर्तनात कुणी ‘पुढे काय झालं’ म्हणून बसत नाही, कसं सांगतोय म्हणून बसतो. इकडच्या वाचकाला ही सवय छापखान्याच्या आधीपासूनची आहे, त्याला आळस म्हणणाऱ्यानं एखादं आख्यान शेवटपर्यंत ऐकलेलं दिसत नाही. ‘काका, मला वाचवा’ हे तर आपल्याकडे मुळाक्षरं गिरवण्याआधी कानावर पडतं. तरी त्या दुपारचं वर्णन समोर आलं, नारायणराव दादांच्या खोलीकडे धावायला लागले, की मी पान उलटायला उशीर करतो. निदान चापाजीला तरी एक दार आतून लावून घेता येईल, असं दर वेळी वाटतं.