‘एका नर्सचा हलगर्जीपणा’ म्हणून प्रकरण मिटत नाही

औषधाच्या चुकीने रुग्ण दगावला की ‘नर्सने नाव नीट वाचले असते तर हे घडलेच नसते, यंत्रणेला दोष देणे ही पळवाट आहे’ असा मजकूर फिरू लागतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठ रुग्णालयाचे उदाहरण दिले जाते. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे पेट (पीईटी) स्कॅन या शरीराच्या आतील प्रतिमा घेणाऱ्या तपासणीपूर्वी ७५ वर्षांच्या एका महिलेची घबराट कमी व्हावी म्हणून व्हर्सेड हे शामक औषध द्यायचे होते. दिले गेले व्हेक्युरोनियम, म्हणजे श्वासाचे स्नायूही लुळे पाडणारे औषध, आणि ती महिला दगावली. माझ्या मते हेच उदाहरण त्या दाव्याच्या विरोधात जाते.

‘नाव वाचले नाही’ हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. व्हर्सेड द्रवरूपात मिळते, व्हेक्युरोनियमची पूड विरघळवून घ्यावी लागते, शिवाय त्या व्हायलच्या, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीच्या, टोपणावर धोक्याची सूचनाही होती. पण मुळात ती व्हायल हाती आली कशी? नर्सने संगणकीय औषधकपाटावर व्ही आणि ई ही दोन इंग्रजी आद्याक्षरे टाकली, परंतु व्हर्सेड हे ब्रँडचे नाव आणि कपाटात त्याची नोंद मिडॅझोलाम या मूळ नावाने असल्याने ते सापडले नाही. मग ओव्हरराइड करून, म्हणजे कपाटाची नेहमीची अट ओलांडून, शोधल्यावर त्याच दोन अक्षरांवर व्हेक्युरोनियम समोर आले.

‘ओव्हरराइड करणे हाच बेजबाबदारपणा’ हा पुढचा मुद्दा तर अजिबात टिकत नाही. रुग्णालयात नुकतीच नवी नोंदप्रणाली आली होती आणि सलाईनसुद्धा ओव्हरराइड केल्याशिवाय निघत नसे, असे तिने नर्सिंग मंडळापुढे सांगितले. जी आडवाट दिवसभराच्या कामासाठी अपरिहार्य होऊन बसते, तिच्यावरचा इशारा नेमक्या धोक्याच्या क्षणी कुणाला थांबवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. स्कॅनच्या विभागात बारकोड तपासण्याची सोय नव्हती आणि औषध दिल्यानंतर रुग्णावर देखरेखही नव्हती. यांपैकी एक जरी अडसर जागेवर असता तरी चूक पकडली जाण्याची संधी होती.

‘कठोर शिक्षेने जरब बसते’ या म्हणण्याचे मला सर्वाधिक वाईट वाटते. चूक लक्षात येताच त्या नर्सने ती स्वतः कळवली होती. रुग्णालयाने मात्र मृत्यूची माहिती देताना औषधाचा उल्लेख टाळला, कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड केली, आणि २०१८ मधील एका निनावी तक्रारीनंतरच केंद्रीय तपासणी होऊन सगळे उघड झाले. २०२२ मध्ये दोषी ठरली ती नर्स. तिला तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, मिळाली आणि परवाना तर त्याआधीच गेला होता. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही. हे पाहिल्यावर दुसरी एखादी नर्स आपली चूक कोणत्या भरवशावर कळवील? आणि ती कळलीच नाही तर पुढच्या रुग्णाला त्या चुकीपासून कोण वाचवणार?

धोका कमी करणारा उपाय तुलनेने साधा होता. औषधसुरक्षेसाठी काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने कपाटात औषध शोधताना किमान पाच अक्षरे टाकणे सक्तीचे करावे अशी शिफारस केली. अशी कपाटे बनवणाऱ्या ऑम्निसेल या कंपनीने २०२० मध्ये तशी सोय दिली, पण ती चालू करणे रुग्णालयांच्या मर्जीवर ठेवले.