घरगुती उपमा आणि सुटलेले वजाचे चिन्ह : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कंट्रोल सिस्टिम्स (नियंत्रणशास्त्र) आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स (विद्युतचुंबकत्व) या दोन विषयांच्या पायाभूत कल्पनांवर गेल्या महिन्यात मी जो लेख लिहिला, त्याखाली आपण ‘एक जुना प्राध्यापक’ या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा : सोसायटीच्या गच्चीवरील टाकीचे उदाहरण ऑन-ऑफ नियंत्रणाचे असून त्यावरून गेन मार्जिन (हेलकावे सुरू होण्याआधी गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, किती पट वाढवता येईल ते) समजावणे चुकीचे आहे, फॅरेडेच्या नियमात (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र कसे निर्माण होते, ते सांगणाऱ्या) मी वजाचे चिन्ह गाळले आहे, कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमधून डिस्प्लेसमेंट करंट (बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे मानला जाणारा प्रवाह) ‘वाहतो’ असे लिहिल्यामुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल होते, आणि लाप्लास रूपांतर (बदलाची समीकरणे साध्या बीजगणितात आणण्याचे तंत्र) मागाहून शिकले तरी चालेल हा सल्ला घातक आहे; शिवाय हे विषय वही-पेन्सिल घेऊन गणितानेच शिकायचे असतात. आपण एवढ्यावर थांबला असतात तर हे उत्तर चार ओळींत आटोपले असते. परंतु शेवटी आपण लिहिता, “घरगुती उपमांनी अभियंते घडत नाहीत, हा क्लासवाल्यांचा खाक्या आहे.” त्या वाक्यामुळे मला सविस्तर लिहावे लागत आहे.

आधी जे मान्य करायचे ते करून टाकतो. वजाचे चिन्ह सुटले होते. विद्युत क्षेत्राचा कर्ल (क्षेत्र एखाद्या बिंदूभोवती किती गोल फिरते याचे माप) हा चुंबकीय क्षेत्राच्या बदलाच्या दराइतका, पण वजा चिन्हासह असतो, आणि हे चिन्ह शोभेचे नाही, हे मला ठाऊक आहे. वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह ज्या बदलामुळे निर्माण झाला त्यालाच विरोध करतो, एवढी सगळी गोष्ट त्या एका आडव्या रेघेत आहे. तिथे अधिक चिन्ह असते, तर निर्माण झालेल्या प्रवाहाने मूळ बदलाला हातभार लावला असता, त्या वाढलेल्या बदलाने आणखी प्रवाह निर्माण केला असता, आणि विजेचे बिल भरण्याची कोणालाच गरज उरली नसती. लेखात हे चिन्ह दोन्ही विषय मिळून चौदा ठिकाणी येते. त्यांपैकी तेरा ठिकाणी ते जागेवर होते. निगेटिव्ह फीडबॅकवरच्या (परिणाम पाहून उलट दिशेने सुधारणा करण्यावरच्या) लेखातून नेमके वजाचे चिन्ह गळावे, याची आपल्याला फार मौज वाटलेली दिसते, कारण त्या वाक्यापुढे आपण तीन उद्गारचिन्हे टाकली आहेत. दुरुस्ती त्याच रात्री केली. उद्गारचिन्हे मात्र एक पुरले असते.

आता ‘घरगुती उपमा’. हा शब्द आपण ज्या तुच्छतेने वापरला आहे, ती तुच्छता या विषयाच्या इतिहासाला मानवणारी नाही. वाफेच्या इंजिनाचा वेग राखण्यासाठी जेम्स वॉटने १७८८ साली गोळ्यांचा गव्हर्नर (वेग वाढला की फिरते गोळे बाहेर सरकून वाफ कमी करणारे साधन) बसवला, हे आपण वर्गात निश्चितच सांगितले असेल. तो गव्हर्नर वॉटच्या डोक्यातून कोरा करकरीत उतरलेला नव्हता. पवनचक्कीवर दळण दळणारे लोक जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर वाऱ्याच्या जोराप्रमाणे आपोआप कमी-जास्त व्हावे म्हणून तसलीच फिरती गोळ्यांची जोडी आधीपासून वापरत होते. नियंत्रणशास्त्राचा सर्वांत प्रसिद्ध यंत्रभाग अशा रीतीने पिठाच्या गिरणीतून आला आहे. याहून अधिक घरगुती काय असू शकते, हे आपणच सांगावे.

गव्हर्नरचे गणित १८६८ साली ज्याने मांडले तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल होता; ज्याच्या समीकरणांत (फॅरेडेचा नियम त्यांपैकीच एक) मी वजा गाळल्याबद्दल आपण मला धारेवर धरलेत, तोच. गव्हर्नर लावलेले यंत्र कधी स्थिरावते आणि कधी हेलकावे खात सुटते, हे त्याच्या समीकरणाच्या मुळांचे वास्तव भाग ऋण आहेत की नाहीत यावर ठरते, असे त्याने दाखवले. तो या प्रश्नाकडे वळला त्यालाही पार्श्वभूमी होती. १८६३च्या सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेजात विद्युत रोधाच्या ओहम या एककाचे मोजमाप करण्यासाठी तो आणि त्याचे सहकारी तारेचे एक वेटोळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरवत होते. वेटोळ्याचा वेग एकसारखा राहिला नाही तर मोजमाप फुकट जाणार, म्हणून त्याला गव्हर्नर जोडलेला होता. आपल्या अभ्यासक्रमात ज्या दोन विषयांचे पेपर वेगळे आणि प्राध्यापकही वेगळे, ते दोन्ही विषय त्या टेबलावर एकाच दांड्याला जोडलेले होते. मी दोन्ही एका लेखात घेतले याला आपण ‘खिचडी’ म्हटले आहे. असो, खिचडीही घरगुतीच.

उपमांचेच बोलायचे तर डिस्प्लेसमेंट करंट ही कल्पनाच मुळात एका उपमेतून जन्मली. १८६१-६२ मध्ये मॅक्सवेलने अवकाश फिरत्या भोवऱ्यांनी भरले आहे आणि शेजारच्या भोवऱ्यांनी एकमेकांना घासू नये म्हणून त्यांच्यामध्ये छोटी चाके आहेत, असे एक यांत्रिक चित्र रचले. त्या रचनेला थोडी लवचीकता दिल्यावर नवे पद निघाले, आणि त्यातून तरंगांचा जो वेग आला तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी इतका जुळला की प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग असला पाहिजे, या निष्कर्षाला तो पोचला. पुढे १८६५च्या निबंधात त्याने ती चाके काढून टाकली आणि समीकरणे ठेवली. इमारत उभी राहिल्यावर बांबूचे पहाड उतरवतात. पहाड न बांधता पंधरावा मजला रंगवणारा रंगारी मुंबईत मी अजून पाहिलेला नाही.

आपण माझ्या अनुभवाविषयीही शंका घेतली आहे, म्हणून नाइलाजाने स्वतःबद्दल लिहितो. मी मुंबईतल्याच एका महाविद्यालयात शिकलो. तिसऱ्या वर्षी मला कंट्रोल सिस्टिम्समध्ये केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, हे सांगताना मला आता संकोच वाटत नाही. राऊथचे कोष्टक (समीकरण न सोडवता यंत्र स्थिर आहे का ते तपासण्याची रीत) मला तोंडपाठ होते. पहिल्या स्तंभात जितक्या वेळा चिन्ह बदलते तितकी मुळे उजव्या अर्ध्या प्रतलात, म्हणजे धन वास्तव भागाची, हे मी झोपेतही लिहून दिले असते. पण व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढेच विचारले, “मुळे उजवीकडे गेली, म्हणजे त्या यंत्राचे प्रत्यक्षात काय झाले?” मी पाच मिनिटे गप्प उभा होतो. मला शिकवणाऱ्यांनी वही आणि पेन्सिल यांत काहीही कमी पडू दिले नव्हते, हे आपल्या माहितीसाठी नमूद करतो.

उत्तर मला तीन वर्षांनी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मिळाले. उष्णता-प्रक्रियेच्या भट्टीचे तापमान ८२० अंशांवर यायला वेळ लागतो म्हणून मी कंट्रोलरचा गेन वाढवला. थर्मोकपल (तापमान मोजणारे साधन) जाड आवरणात होते, त्यामुळे भट्टीत झालेला बदल त्याला कळायला दोनएक मिनिटे लागत. तापमान ८२०च्या वर गेले, खाली आले, पुन्हा अधिक वर गेले आणि अधिक खाली आले. मी घाबरून आकडे बदलत होतो. पाळीवरचे जुने काका मागे उभे राहून ते सगळे पाहत होते. ते म्हणाले, “साहेब, भट्टीला तुमचं ऐकू यायला वेळ लागतो. तोवर तुम्ही दुसरंच सांगून मोकळे होता.” फेज लॅगची (प्रतिसाद मागे पडण्याची) इतकी नेमकी व्याख्या मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही ऐकलेली नाही. काका सातवी शिकलेले होते. आपल्या मोजपट्टीने त्यांचे वाक्य ‘घरगुती’ ठरेल. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन फीडबॅक स्थिर राहील का ते सांगणारे नायक्विस्टचे १९३२चे निकष पहिल्यांदा समजून वाचले.

उपमेतून गणिताकडे जाता येत नाही, असे आपल्याला वाटते, म्हणून लेखात नसलेले एक उदाहरण इथेच सोडवून दाखवतो. न्हाणीघरातला गीझर आणि शॉवर यांच्यामध्ये सहा मीटर नळ आहे, त्याचा आतला व्यास पंधरा मिलिमीटर आहे आणि मिनिटाला सहा लिटर पाणी येते, असे समजू. त्या नळात सुमारे एक लिटर आणि साठ मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे आपण तोटी फिरवल्यापासून त्याचा परिणाम अंगावर पडेपर्यंत साडेदहा सेकंद जातात. पाणी गार लागते आहे तोवर माणूस तोटी गरमकडे फिरवत राहतो, आणि जितके अधिक गार तितकी भरभर फिरवतो. तांत्रिक भाषेत तो माणूस इंटिग्रेटर (फरकाची बेरीज करत जाणारा) आहे आणि इंटिग्रेटर नव्वद अंशांचे मागेपण आणतो. ज्या आंदोलनाचा आवर्तनकाळ विलंबाच्या चौपट आहे, त्याला नळातला विलंब आणखी नव्वद अंश मागे ढकलतो. एकूण एकशे ऐंशी झाले, फीडबॅकच्या वजाने उरलेले एकशे ऐंशी पुरवले, आणि सुधारणा म्हणून केलेली कृती बरोबर उलट्या वेळी पोचू लागली. म्हणून हा माणूस सुमारे बेचाळीस सेकंदांच्या फेऱ्याने आळीपाळीने भाजेल आणि गारठेल. त्याच्या उतावीळपणाला गेन म्हणावे. त्या वारंवारतेला फेऱ्याचा एकूण गेन एक असेल तर हेलकावे तसेच चालू राहतात. एकाहून अधिक असेल तर तोटी दोन्ही टोकांना आपटेपर्यंत ते वाढत जातात. त्याने उतावीळपणा निम्मा केला तर गेन मार्जिन दोन, म्हणजे सहा डेसिबल, मिळते. १९४२मध्ये झिगलर आणि निकोल्स या अभियंत्यांनी साध्या प्रपोर्शनल (फरकाच्या प्रमाणात प्रतिसाद देणाऱ्या) कंट्रोलरसाठी नेमके हेच सांगितले होते : हेलकावे टिकून राहतील इतका गेन शोधा आणि त्याच्या निम्मा ठेवा. वही-पेन्सिल मीही घेतली, महोदय. फक्त अंघोळ आधी झाली.

राहिला ‘क्लासवाला’. होय, नोकरी सोडल्यावर गेली अकरा वर्षे मी दादर स्थानकाजवळच्या एका खोलीत संध्याकाळी शिकवतो. बदलापूर आणि विरारहून येणारी मुले दिवसभर महाविद्यालयात बसून मग माझ्याकडे येतात आणि रात्री साडेनऊच्या गर्दीत उभ्याने घरी जातात. ती का येतात, याचा विचार जुन्या प्राध्यापकांनी करावा असे मला पूर्वीही वाटत असे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर त्यामागचे एक कारण अधिक स्पष्ट झाले, एवढेच म्हणतो आणि हात आवरतो.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्याची आवश्यकता नाही. डिस्प्लेसमेंट करंट ‘वाहतो’ या माझ्या वाक्यात आधी ‘जणू’ हा शब्द आहे, तो आपल्या नजरेतून निसटला असावा. पट्ट्यांमधून एकही प्रभार पलीकडे जात नाही, तेथील विद्युत क्षेत्राच्या बदलाचा दरच तारेतल्या प्रवाहाइतका अँपिअर भरतो, हे पुढच्याच ओळीत आहे. लाप्लास ‘मागाहून’ म्हणजे ‘कधीच नाही’ असा अर्थ कोणत्याही मराठी कोशात मला सापडला नाही. टाकीच्या पंपाबद्दल म्हणाल तर फ्लोट दोन पातळ्यांवर चालू-बंद होतो आणि त्यात हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांतील फरक) असतो, हे आमच्या वॉचमनलाही माहीत आहे. शिवाय साध्या रिलेच्या (चालू-बंद स्विचच्या) हेलकाव्यांवरून कंट्रोलर लावण्याची पद्धत ओस्ट्रम आणि हॅग्लुंड या संशोधकांनी १९८४मध्ये मांडलेली आहे, तेव्हा ऑन-ऑफचा गेनशी काही संबंधच नाही, असे सरसकट विधान करण्यापूर्वी आपण थोडे थांबायला हवे होते.

लेख मी मागे घेणार नाही. मात्र वाचकांच्या सोयीसाठी त्यात एक लहानसा बदल केला आहे : गेन मार्जिनविषयीचा परिच्छेद टाकीखालून काढून, वर सोडवलेले गीझरचे उदाहरण लेखात घालून त्याखाली नेला आहे, आणि टाकीपाशी ‘हे ऑन-ऑफ नियंत्रण आहे, याला गेन मार्जिनची कल्पना थेट लागू करू नये’ अशी एक ओळ घातली आहे. हा बदल माझ्या मनात आधीपासूनच होता. त्याचा आपल्या आक्षेपाशी संबंध जोडू नये, ही विनंती.

आपला,
लेखक