बेसिनखाली बारा इंची पाना? तो मजकूर मानू नका

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्या फोनवर चार वेळा आला. एकदा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फिटर लोकांच्या ग्रुपवर, एकदा गल्लीच्या ग्रुपवर, दोनदा खानापूरच्या पाहुण्यांकडून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: घरात एकच बारा इंची ॲडजस्टेबल (चकरी फिरवून जबडा कमी-जास्त उघडणारा) पाना ठेवा, सगळी कामं होतात. दांडा लांब तितका जोर जास्त. चार-सहा इंची पाने म्हणजे खेळणी, त्यांचा जबडा नळाच्या नटालासुद्धा पुरत नाही. आणि खरा फिटर ॲडजस्टेबल पान्याला हातच लावत नाही, कारण त्याने नट गोल होतो.

पहिलं आणि शेवटचं वाक्य एकमेकांना छेद देतात, तरी लोक हे पुढे पाठवतात आणि त्यावर विसंबून खरेदीही करतात. मी एकवीस वर्षं मशिनशॉपमध्ये मेंटेनन्सला आहे, रविवारी नात्यागोत्यातल्या नळांची कामं करतो. अडचणीच्या जागी चुकीच्या पान्याने काय होतं ते मी स्वतःच्या हाताने करून बसलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लांब दांड्याने जोर वाढतो, हे खरं. पण तो दांडा फिरायला जागा लागते, आणि मजकुरात तिचा उल्लेखच नाही.

मागच्या पावसाळ्यात शहापुरातल्या बहिणीच्या घरी बेसिनचा कनेक्शन पाइप बदलायचा होता. जुनं घर, जाड भिंती, बेसिन कोपऱ्यात बसवलेलं. खाली अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करणारा छोटा कॉक, त्याच्या एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला बेसिनचा खांब. मधे माझा पंजा जेमतेम मावत होता. भाचा बारा इंची पाना घेऊन आडवा झाला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मामा, जबडा बसतोय, पण फिरवायला जागाच नाही की!"

त्याचा हिशेब सरळ आहे. नटाला सहा बाजू, म्हणजे दर ६० अंशांनी तोच आकार परत येतो. जबडा दांड्याच्या सरळ रेषेत असता, तर एका पकडीत नट पूर्ण ६० अंश फिरवावा लागला असता. म्हणून पान्याचं डोकं दांड्याशी तिरकं ठेवतात. ते १५ अंशांनी तिरकं असेल तर एकदा फिरवायचं, पाना काढून उलटा करायचा, परत लावायचा, आणि प्रत्येक वेळी ३० अंशांत काम भागतं. आता ३० अंशांसाठी दांड्याचं टोक किती सरकतं ते बघा. बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या पान्याचं टोक सुमारे १५५ मिलिमीटर सरकतं, १५० च्या पान्याचं ७८, आणि १०० च्या पान्याचं ५२. बहिणीच्या बेसिनखाली ८० मिलिमीटर जागा होती. बारा इंची पान्याचा जोर तिथे वापरायलाच मिळत नव्हता.

दुकानात साडेबावीस अंशांचं डोकंही मिळतं. त्यात पाना उलटसुलट करताना एक फेरी १५ अंशांची आणि पुढची ४५ अंशांची पडते. मोकळ्या जागेत याने फरक पडत नाही. बेसिनखाली ४५ अंशांना जागा असतेच असं नाही, म्हणून तिथल्या कामासाठी मी १५ अंशांचाच बघतो.

जबडा पुरत नाही, हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि लोक इथेच फसतात. साधा सहा इंची पाना १९-२० मिलिमीटरपर्यंत उघडतो, चार इंची १३ च्या आसपास. अर्धा इंची कनेक्शन पाइपचा नट व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजला तर २४ भरतो. साधा सहा इंची त्याच्यावर चढणार नाही, आणि ज्याला हा अनुभव आला तो छोट्या पान्याला कायमचा नावं ठेवतो. पण आता आखूड दांड्याचे, रुंद उघडणारे पाने मिळतात. सहा इंचांच्या आसपास लांबी आणि जबडा ३२ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे बहुतेक आठ इंचींपेक्षाही जास्त.

म्हणून दुकानात पाना इंचांनी मागू नका. रविवार पेठेत काउंटरवरच्या माणसाने मला विचारलं होतं, "सण्णद बेका, दोड्डद बेका?" लहान की मोठा, एवढाच त्याचा प्रश्न. मी त्याला नट दाखवला आणि म्हटलं, ह्याच्यावर बसणारा, पण दांडा माझ्या तळव्याएवढा. त्याने आतून दुसराच डबा आणला. तो पाना मागच्या रॅकमध्ये पडून होता, कारण तसा मागायला कुणी येतच नव्हतं.

रुंद जबड्याचा एक तोटा आहे, तोही सांगतो. जबडा जास्त उघडतो तसं डोकं रुंद होतं, आणि अडचणीत कधी दांड्याऐवजी डोकंच अडकतं. शिवाय डोक्याची जाडी बघा. बेसिनच्या खालून नळाला लागणारा चेक नट पातळ असतो, वरती चिनी मातीचा तळ. जाड जबडा त्या फटीत धड बसत नाही, नटाच्या कडेवर टेकतो आणि निसटतो. टोकाकडे पातळ होत गेलेला जबडा लागतो. घरून निघताना मी जाड पुठ्ठ्याचा तुकडा नेतो, बेसिनखाली घालून जितका फिरतो तितका कापतो, आणि दुकानात पाना त्या पुठ्ठ्यावर ठेवून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पाना बदलून आणायची एक खेप वाचते.

आता "खेळणं" या शब्दाबद्दल. माझा खरा राग यावर आहे, कारण या समजुतीने माझंच घर भिजलंय.

नळाच्या सांध्यात पाणी थांबवतो तो आतला रबरी वायसर. नट त्याला फक्त दाबून धरतो. हाताने आवळायचा आणि पान्याने पाव फेरी द्यायची, इतकंच. एका हाताने २० किलोचा जोर लावला, तर १०० मिलिमीटरच्या दांड्यावर सुमारे २० न्यूटन-मीटर पीळ पडतो, ३०० च्या दांड्यावर ६०. तेवढ्याच हाताने तिप्पट, आणि समोर अर्ध्या इंचाचा पितळी नट. आखूड दांड्यावर नट बसला की हाताला कळतं. लांब दांड्यावर ते कळायच्या आत पितळ फाटतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात मी हेच केलं. सिंकच्या नळातून एक थेंब पडत होता. बारा इंची पाना लावला, "थोडं अजून" म्हणून खेचला, आणि कट्ट असा आवाज आला. नटावर केसाएवढी चीर, आणि चिरेतून सरळ धार. मुख्य कॉक गंजलेला, बंद होईना. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं, पण आमच्या नळाला रोज नसतं. सम्पमधून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, वरच्या टाकीत चढवलेलं ते पाणी रात्री दहा वाजता फरशीवरून अंगणात गेलं. बायको आणि मुलगी बादल्या लावत होत्या, मी चिंधी गुंडाळून नट धरून बसलो होतो. टाकी रिकामी होईपर्यंत तसाच बसलो. सकाळी वायसर काढून बघितला, तर तो चिरडून सपाट झाला होता. तो थेंब नवा वायसर टाकल्याने थांबला असता.

मग जोर लागतो तिथे काय करायचं? गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर ॲडजस्टेबल पाना चालतच नाही, कितीही लांब असो. पाइपला सपाट बाजू नसते, तिथे दात असलेला पाइप पाना लागतो. मोटरच्या फाउंडेशनचा बोल्ट असेल तर १७ किंवा १९ मिलिमीटरचा रिंग पाना, म्हणजे नटाला सगळीकडून धरणारा. आणि ॲडजस्टेबलच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवणं, जे त्या मजकुराखाली कुणीतरी हौसेने सुचवलंय, ते कधीही करू नका. पान्याचा सरकता जबडा आणि त्याची चकरी तेवढ्या पिळासाठी केलेली नसते. निसटला की बोटांची सालं जातात.

नट गोल होतो, म्हणून खरा फिटर वापरत नाही? मशिनवर जिथे १३ चा रिंग पाना बसतो तिथे मीही ॲडजस्टेबल घेत नाही. पण वडगावला एका जुन्या यंत्रमागावर इंची नट निघाले. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. १४ चा पाना चढत नाही, १५ चा सैल बसून कोपरे मारतो. तिथे नीट लावलेला ॲडजस्टेबल पानाच नट वाचवतो. याच अडचणीतून तो रूढ झालाय. स्वीडनमधल्या एन्कोपिंगच्या योहान पेटर योहानसन यांनी १८९२ मध्ये त्यांच्या ॲडजस्टेबल पान्याचं पेटंट घेतलं, तेव्हा नटांची मापं सगळीकडे सारखी नव्हती आणि दुरुस्तीला जाताना पान्यांचा ढीग वाहून न्यावा लागायचा.

नट गोल करतो तो सैल जबडा. पाना नटावर घालायचा, चकरी फिरवत फिरवत किंचित हलवायचा, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. नट जबड्याच्या टोकात धरायचा नाही, खोल घशापर्यंत बसवायचा. आणि ओढायचं ते सरकत्या जबड्याच्या दिशेने, म्हणजे मुख्य भार न हलणाऱ्या जबड्यावर येतो. उलट बाजूने ओढलं की सरकता जबडा मागे ढकलला जातो, फट वाढते, कोपरे मरतात. अडचणीत मात्र पाना उलटा करून लावावाच लागतो, तेव्हा निम्म्या वेळी भार चुकीच्या जबड्यावर पडतो. म्हणून तिथला पाना आधीच घट्ट चकरीचा हवा. दुकानात जबडा अर्धा उघडून बोटांनी हलवून बघा. लटपटतो तो ठेवून द्या. मग जबडा जवळजवळ मिटून उजेडासमोर धरा. फट दोन्ही टोकांना सारखी दिसली पाहिजे. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम (चिवट पोलादाचं नाव) कोरलंय की नाही, यापेक्षा ही फट जास्त सांगते.

बहिणीच्या घरचं काम शेवटी भाच्यानेच त्या आखूड पान्याने पुरं केलं. पाव फेरी झाल्यावर तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बस. अँगल कॉक उघडला, सांधा कोरड्या फडक्याने पुसला आणि खाली जुना तरुण भारत पसरून ठेवला. सकाळी तिचा फोन आला, कागद कोरडा आहे म्हणून.